बंदुकीचा घोडा हलतोय? आधी बघू या नक्की कुठून हलतोय

प्रश्न : काका, नमस्कार. मी ओहायोत कोलंबसजवळ राहतो, आयटीत आहे, हाताने काही करायची सवय फारशी नाही हे आधीच सांगून टाकतो. मागच्या वर्षी एका इस्टेट सेलमध्ये जुन्या पद्धतीची घोड्याची रायफल घेतली, १८५३ च्या एनफिल्डची इटलीत बनवलेली नक्कल. शाळेत १८५७ च्या धड्यात काडतुसांचं जे वाचलं होतं ती हीच, असं कळलं आणि राहवलंच नाही. आता प्रॉब्लेम असा की सगळंच ढिलं आहे. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारा तो तुकडा, डावी-उजवीकडे डुगडुगतो, नळी लाकडात खुळखुळते, गज, म्हणजे नळीत दारू ठासायची ती सळई, तर बंदूक उचलली की वाजतो. मी बाजूचे दोन मोठे स्क्रू कचकचून आवळले, तर डुगडुगणं आहे तसंच, वर आता घोडा नीट पडतच नाही, मध्येच रेंगाळतो. बायको म्हणते विकून टाक. काय करू?

उत्तर : विकू नकोस रे. तू सांगितलेल्या तिन्ही तक्रारी साध्या आहेत, आणि चौथी, ती रेंगाळण्याची, ती तू स्वतः निर्माण केलीयेस, म्हणजे ती तर सगळ्यात सोपी.

पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि त्यात एक गोष्ट कुठेच नाही. ती भरलेली आहे का हे बघितलंस का? हसू नकोस. तोंडातून भरायच्या बंदुकीत दारू आणि गोळी आत ठासून कुणीतरी ठेवून दिली आणि मग तशीच तीस-चाळीस वर्षं भिंतीवर टांगली, असं होतं, आणि बाहेरून बघून काहीही कळत नाही कारण मागून उघडायला काही नसतंच. तेव्हा स्क्रूड्रायव्हर खाली ठेव आणि हे कर. निपलवर, म्हणजे घोडा ज्या छोट्या बोंडावर आपटतो त्यावर, टोपी, म्हणजे आपटल्यावर पेटणारी छोटी वाटी, नाही ना ते बघ. गज काढ, नळीत पूर्ण आत सोड, चेहरा आणि हात नळीच्या तोंडासमोर आणू नकोस, आणि जिथे गज नळीच्या तोंडाशी येतो तिथे चिकटपट्टीचा तुकडा लाव. मग तो बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धर, पट्टी तोंडाशी. तुझ्या तीन बँडवाल्या (नळी लाकडाला बांधणारी तीन कडी असलेल्या) एनफिल्डची नळी ३९ इंची आहे, गजाचं टोक जवळजवळ निपलच्या खालपर्यंत पोचलं पाहिजे. दीड-दोन इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग हा लेख इथेच मिट आणि गनस्मिथला फोन कर, स्वतः काही खरवडायला जाऊ नकोस. पोचलं बरोबर? मग पुढे वाच.

आता तुझे ते दोन मोठे स्क्रू. ते डावीकडून शिरतात, लाकडातून आरपार जातात आणि उजवीकडच्या लॉकप्लेटमध्ये, म्हणजे घोडा आणि त्याची आतली यंत्रणा (लॉक) जिच्यावर बसवलेली असते त्या पट्टीत, बसतात. त्यांचं काम फक्त लॉक लाकडात धरून ठेवणं. घोड्याशी त्यांचा संबंधच नाही! तू ते आवळलेस म्हणजे दारं करकरतात म्हणून खिडकीच्या बिजागऱ्या आवळल्यासारखं झालं. उलट जास्त आवळल्यामुळे लॉकप्लेट लाकडात खोल ओढली गेली, आतले फिरणारे भाग लाकडाला घासायला लागले, आणि घोडा रेंगाळला. उपाय म्हणजे दोन्ही पाव-पाव फेरा ढिले कर, अंगठ्याने घोडा धरून हळू खाली आण, बघ मोकळा येतोय का, नसेल तर अजून थोडे. मोकळा यायला लागला की थांब. हे स्क्रू बोटांनी घट्ट आणि वर थोडंसं, एवढंच. आणि हो, रिकाम्या निपलवर घोडा खटकन आपटून बघायचा मोह होतो सगळ्यांना, तो टाळ, निपलचं तोंड ठेचलं जातं. मध्ये जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा ठेव.

आता मूळ दुखणं, डुगडुगणारा घोडा. मी पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली, तिथे आमचे एक जुने फोरमन होते, ते म्हणायचे ढिलं दिसलं की पाना उचलू नको, आधी बोट लाव. तेच इथे करायचंय. लॉक बाहेर काढ. त्यासाठी घोडा अर्ध्या खटक्यावर ठेव, म्हणजे मागे ओढताना पहिला टक्क आवाज येतो तिथे. दोन्ही स्क्रू चार-पाच फेरे ढिले कर पण काढू नकोस, मग त्यांच्या डोक्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आळीपाळीने टकटक कर, लॉकप्लेट पलीकडून सरळ उचलली जाते. काठाखाली पातं घालून उचकटलंस तर लाकडाचा टवका निघालाच समज, आणि तो टवका नेमका असा निघतो की बंदूक हातात घेणाऱ्या प्रत्येकाची नजर पहिली तिथेच जाते.

लॉक हातात आलं की उलटं कर. आत एक जाड स्प्रिंग दिसेल, व्ही आकाराची, तिला हात लावू नकोस. मधोमध एक गोलसर तुकडा आहे ज्याला खाचा पाडलेल्या आहेत, तो टंबलर. त्याची दांडी प्लेटच्या भोकातून बाहेर येते, बाहेर ती चौकोनी होते, त्या चौकोनावर घोडा बसतो आणि वरून एक स्क्रू. म्हणजे घोडा आणि टंबलर हे बैलगाडीचं चाक आणि आस आहेत समज. आता उजेडात बस, एका हाताच्या चिमटीत घोडा धरून हलव आणि डोळे मात्र आतल्या टंबलरवर ठेव.

घोडा हलतोय आणि टंबलर स्वस्थ बसलाय? मग दोष बाहेर आहे, चौकोन किंवा वरचा स्क्रू. दोघं जोडीने हलतायत? मग दोष आत, टंबलरची दांडी प्लेटच्या भोकात सैल झालीये किंवा आतून टंबलरला धरणारा जो छोटा पूल असतो, ब्रिडल म्हणतात त्याला, त्याचा स्क्रू ढिला आहे. अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे ही, पण ही न करताच लोक घोडा वेल्ड करून आणतात आणि मग टंबलर पण गेला बारा गडगड्यांच्या विहिरीत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं.

दहातल्या सात वेळा नुसता वरचा स्क्रू असतो. तो काढ, त्याचे आटे आणि भोक अ‍ॅसिटोनने पुसून तेल घालव, निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) एकच थेंब टाक आणि घट्ट बसव. निळंच. लाल वापरलंस तर पुढच्या वेळी उघडायला तापवावं लागेल, आणि तापवायचं नाही हे वरच सांगितलं. स्क्रू पूर्ण बसला तरी घोडा हलतोय असं झालं तर नीट बघ, स्क्रूचं डोकं घोड्यावर न टेकता चौकोनी दांडीच्या टोकावर टेकत असणार. इटालियन नकलांमध्ये हे मी स्वतः पाहिलंय. मग दांडीचं टोक घोड्याच्या पृष्ठभागापेक्षा केसभर खाली जाईल इतकंच बारीक कानशीने घास, तीन-चार हात मारून परत लावून बघ, परत तीन-चार. घाई केलीस तर घासलेलं परत येत नाही.

चौकोनी भोकच खाऊन मोठं झालं असेल तर दोन मार्ग. तात्पुरता म्हणजे पितळेच्या पातळ पत्र्याची चिंधी, पाच शतांश मिलिमीटरची, चौकोनाच्या ज्या बाजूला फट आहे तिथे घालून घोडा वर ठोकून बसवायचा. चालतं, वर्षभर तरी चालतं. कायमचा म्हणजे नवीन घोडा, तुझ्याकडे अमेरिकेत नकलांचे पार्ट मिळतात, फक्त तुझ्या मेकचाच घे, दुसऱ्याचा चौकोन कोनात जुळत नाही आणि मग घोडा निपलच्या शेजारी कुठेतरी पडतो. चौकोनात एपॉक्सी भरणारे पण आहेत. त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

आतल्या बाजूचा दोष निघाला तर ब्रिडलचा स्क्रू आवळून बघ, त्याने भागलं तर ठीक. नाही भागलं तर गनस्मिथ. आणि टंबलरच्या त्या खाचांना कानस लावायची नाही म्हणजे नाही. त्यातली एक खाच अर्ध्या खटक्याची आहे, तीच एकमेव सेफ्टी आहे या बंदुकीला. घोडा अर्ध्या खटक्यावर असताना चाप ओढून खाली पडत असेल तर ती रायफल भिंतीवर, मैदानावर नाही.

सगळं झालं की एक शेवटची परीक्षा. निपलच्या टोकाला मार्करची शाई लाव आणि घोडा हळू खाली टेकव. घोड्याच्या तोंडाच्या वाटीत शाईचा ठिपका मधोमध उमटला पाहिजे. एका कडेला उमटला तर थोडं डुगडुगणं राहिलेलं परवडलं, पण हे परवडत नाही, कारण टोपी तिरकी फुटते आणि तिचे तुकडे डोळ्याकडे येतात. मधोमध असेल आणि घोडा किंचित हलत असेल तर सोडून दे. कारखान्यातून नव्या आलेल्यांचासुद्धा किंचित हलतो.

नळीच्या खुळखुळाटाचा गुन्हेगार बहुतेक लाकूड आहे, लोखंड नाही. तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावतो तुला हे जानेवारी-फेब्रुवारीत जाणवलं असणार. ओहायोत थंडीत घरात हीटर चोवीस तास, हवा कोरडी ठण्ण, आपले ओठ फुटतात तसं अक्रोडाचं लाकूड पण आकसतं, आणि बँड होते तेवढेच राहतात. मग माणूस बँडचे स्क्रू आवळतो, जुलैत लाकूड फुगतं आणि बँडखाली दबून त्याला कायमचा खड्डा पडतो, पुढच्या थंडीत अजून जास्त ढिलं, परत आवळ. असं चार वर्षं केलेला दस्ता माझ्याकडे एकदा आला होता, तिन्ही बँडच्या जागी कमरेत पट्टा रुतल्यासारखी खाच! तेव्हा आधी नळीच्या मागच्या शेपटीतला उभा स्क्रू बघ, टँगचा, तो ढिला असेल तर फक्त तो बसव. मग बँड. तरी सैल वाटले तर बँडच्या आत पातळ चामड्याची पट्टी चिकटव, दिसत पण नाही आणि लाकडाबरोबर दबते-फुगते. नेमबाजीला वापरायची असेल तर नळीच्या मागच्या भागाखाली एपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे घट्ट बैठक, करतात, पण ते तू पहिल्याच बंदुकीवर करू नकोस, नळीला रिलीज एजंट (एपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावायचा राहिला तर नळी आणि लाकूड जन्माचे सोबती होतात.

गजाचं सोपं आहे. काही नकलांत लाकडात आत चमच्यासारखी छोटी स्प्रिंग असते, ती दबून सपाट झालेली असते, काढून थोडी वाकवून परत बसवायची. स्प्रिंगच नसेल तर गजालाच गुडघ्यावर अगदी नकळत बाक दे, मग तो खाचेत ताणून बसतो. नकळत म्हणजे जमिनीवर ठेवला तर मधे एक क्रेडिट कार्ड जाईल एवढा.

आणि आता जे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. तुझ्या ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर वापरू नकोस. त्याचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, बंदुकीच्या स्क्रूची खाच सरळ भिंतींची असते, त्यामुळे जोर दिला की पातं वर चढतं आणि खाचेच्या कडा फुलतात. गनस्मिथचे स्क्रूड्रायव्हर वेगळे मिळतात, समांतर पात्याचे, नाहीतर साधा घेऊन ऑइलस्टोनवर घासून एकेका स्क्रूच्या खाचेत हलता कामा नये असा बसवायचा. माझ्या पहिल्या बंदुकीचा एक स्क्रू मी असाच खाल्ला होता, टूलरूमचा माणूस असून, रात्री अकरा वाजता, कारण धीर नव्हता. तो स्क्रू अजून तसाच आहे, पाहुणे आले की बरोबर तिथेच बोट ठेवून विचारतात हे काय झालं.

काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेव. दिसायला सारखे, लांबीला वेगळे. तुझी नक्कल कधीची हे कळायला नळीवर इटालियन प्रूफचे (नळीच्या चाचणीचे) शिक्के बघ, छोट्या चौकोनात दोन अक्षरं असतात, ए डी असेल तर १९७८ ची. तेव्हाच्या मालाचं लाकूड मला आवडतं. वर्षाचं सांगायचं कारण पार्ट मागवताना उपयोगी पडतं, आणि खऱ्या १८५० च्या दशकातल्या एनफिल्डचे स्क्रू हिला लागणार नाहीत, आटेच वेगळे.

प्रश्न : आमच्याकडे कणकवलीजवळ आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना आता वडिलांच्या नावे करून घेतलाय. घोडा पार ढिला झालाय. गावातला लोहार म्हणतो टाका (वेल्डिंगचा) मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. देऊ का? की तुमचं वरचं सगळं मीच करू?

उत्तर : लोहाराला देऊ नका. तो चांगला कारागीर असेल, कोयता त्याच्याकडूनच करून घ्या, पण बंदुकीची दुरुस्ती हा आपल्याकडे परवान्याचा धंदा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये बनवणं आणि विकणं याच्याच ओळीत दुरुस्ती पण लिहिलेली आहे. उद्या काही झालं तर तो बिचारा अडकेल आणि तुमच्या वडिलांचा परवाना पण. परवानाधारक दुकानदार किंवा कारागिराकडेच न्या, परवान्याची प्रत बरोबर ठेवा, पावती घ्या. ओहायोच्या मुलाला मी जे लिहिलं ते तिथलं आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात तोंडातून भरायच्या असल्या नकला अँटिकमध्ये धरतात, म्हणजे बंदुकीच्या बऱ्याच नियमांतून सूट, तिथेसुद्धा राज्याराज्यात नियम वेगळे, त्यानेही ते बघावेतच. आपल्याकडे तशी सूट नाही. कलम ४५ मध्ये जुन्या शस्त्रांना जी सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा मेलेल्या हत्यारालाच आहे, आणि तुमची तर तुम्हाला चालवायचीये.

पण निदान तुम्ही घरी करू शकता. रिकामी आहे याची खात्री करून घोडा हलवून बघा आणि कारागिराला नेमकं सांगा, वरचा स्क्रू फिरतोय, की घोडा स्क्रूसकट हलतोय. नाहीतर सरसकट टाका मारून हातात देतील. आणि तुमच्याकडे उलटी गंमत आहे बघा, ओहायोत लाकूड थंडीत आकसतं, कोकणात पावसाळ्यात फुगतं. त्यामुळे जुलैमध्ये घोडा जड लागतो म्हणून कुणी लाकूड कोरायला काढलं तर थांबवा, गणपतीनंतर परत बघा. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करता तेव्हा आधी तेलाचा हात फिरवून द्या, तिथे दोन महिने तिच्याकडे कोण बघणार. तेल म्हणजे मशीनचं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि मग लॉकमध्ये त्याची खळ होते. खोबरेलाची खळ काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

प्रश्न : मुंबईत चोरबाजारातून शोची पितळी बंदूक आणली, नक्षीकाम छान आहे पण घोडा गळून पडतो. नुसती भिंतीवर लावायचीये. दस्त्याला कुठलं तेल लावू?

उत्तर : ही बंदूक नव्हेच, शोपीस आहे, नळी बहुतेक पुढून चार बोटंच पोकळ असेल, काडी घालून बघा. तसं असेल तर वरचे सगळे नियम माफ. घोड्याचा रिव्हेट झिजलाय, तिथे छोटा नट-बोल्ट किंवा सरळ अ‍ॅराल्डाइट, कुणी विचारणार नाही. पितळ चिंचेने घासा, झकास निघतं, फक्त लाकडावर पाणी जाऊ देऊ नका. काडी आतपर्यंत गेली आणि मागे दारू पेटवायचं कानासारखं भोक सापडलं तर मात्र ती खरी बंदूक असू शकते, घासत बसू नका, आधी जाणकाराला दाखवा.

दस्त्याला जवसाचं तेल, कापडावर चार थेंब, तळहाताने चोळून गरम होईपर्यंत जिरवायचं, आठवडा थांबून परत. आणि ते तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका हां. जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेतं. दोरीवर मोकळं पसरून वाळवा, मग टाका.